मध्यरात्री गॉगल घालून गोल्फ!

 

तुझ्या घरी रात्री बारा वाजता काय चालू असतं? झोप! फार तर पंख्याची घरघर. पण आइसलँड नावाच्या देशात जून महिन्यात रात्री बारा वाजता काही लोक मैदानात गोल्फ खेळत असतात. दिवे लावून? अजिबात नाही! उन्हात! कधीकधी तर चक्क गॉगल घालून!

खोटं वाटतंय ना? थांब, आधी गोल्फ म्हणजे काय ते पटकन सांगते.

तू गोट्या खेळतेस किंवा खेळतोस ना? खळग्यात गोटी घालवायची असते, तसंच हे. फक्त गोटीच्या जागी छोटा, टणक, पांढरा चेंडू आणि बोटांच्या जागी एक लांब काठी. तिला म्हणतात क्लब. आणि खळगा कुठे? कधीकधी चारशे-पाचशे मीटर लांब! त्याची रुंदी मात्र जेमतेम पावणेअकरा सेंटीमीटर. असे अठरा खळगे एकामागून एक घ्यायचे. चालत चालत, चेंडू शोधत शोधत! एका डावाला सहज चार तास लागतात.

आता नकाशा काढ बरं. युरोपच्या वर, डावीकडे, समुद्रात एकटंच एक बेट दिसतंय? तेच आइसलँड! आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आकाराचं. माणसं चार लाखांहूनही कमी. आणि गोल्फची मैदानं? साठच्या वर! एवढ्याशा देशात!

या बेटाच्या उत्तरेला आकुरेरी नावाचं गाव आहे. तिथे 1986 पासून दर जूनमध्ये एक स्पर्धा भरते, आर्क्टिक ओपन. दूरदूरच्या देशांतून खेळाडू येतात. खेळ संध्याकाळी सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. उशीर झाला म्हणून कुणी कुणाला घरी बोलवत नाही, कारण अंधारच पडत नाही!

ओळख पाहू, 21 जूनच्या सुमारास आकुरेरीत सूर्य किती वेळ मावळतो? दहा तास? पाच तास?

जेमतेम अर्धा तास!

तोही खोल जात नाही. क्षितिजाच्या किंचित खाली जातो आणि लगेच वर येतो. आकाश लख्ख उजळलेलंच राहतं. आपल्याकडे मुंबईत वर्षातला सगळ्यात मोठा दिवस असतो सव्वातेरा तासांचा. तिथे साडेतेवीस तासांचा!

असं का होतं? चल, करूनच बघू. एक मोसंबं घे. घरातल्या मोठ्या माणसाकडून त्यात विणकामाची सुई आरपार खोचून घे. खोलीत एकच दिवा लाव. तो दिवा म्हणजे सूर्य, मोसंबं म्हणजे पृथ्वी. आता सुई सरळ उभी धरू नकोस हं! वरचं टोक दिव्याकडे थोडं झुकव. आपली पृथ्वी साडेतेवीस अंशांनी अशीच कललेली आहे.

आता मोसंबं गोल गोल फिरव. मधला भाग बघ. उजेडात, अंधारात, पुन्हा उजेडात. तिथे आपण! आणि सुईच्या वरच्या टोकाजवळ बघ. कितीही फिरव, उजेड हटतच नाही! आइसलँड त्या टोकाच्या बरंच जवळ आहे. हा झाला जून.

आता तेच टोक दिव्यापासून लांब झुकव. अरेच्चा! वर अंधार! हा डिसेंबर. तेव्हा आकुरेरीत सूर्य तीनेक तास दिसला तर दिसला. मैदानावर बर्फ, गोल्फ बंद. म्हणून तर उन्हाळ्यातला एकेक तास ही माणसं अशी हावऱ्यासारखी खेळून घेतात. मला हे फार आवडतं!

बरं, जमीन तरी सपाट असेल? छे! आइसलँड ज्वालामुखींनी घडलेला देश आहे. राजधानी रेक्याविकजवळच्या हाफ्नार्फ्योर्दुर गावातलं मैदान तर थेट लाव्हावर आहे. म्हणजे कधीकाळी उकळता रस होता, तो थिजून काळा खडबडीत खडक झाला. त्याच्या मधून मधून हिरव्या गवताच्या पट्ट्या. चेंडू खडकावर आपटला की टण्ण! कुठे उडेल सांगता येत नाही. खडकावर जाड, मऊ शेवाळ असतं. ते इतकं सावकाश वाढतं, की एकदा तुडवलं तर पुन्हा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून चेंडू तिकडे गेला, तर गेला! शेवाळ महत्त्वाचं.

आणि आता सगळ्यात भारी भाग. या मैदानांवर वरून हल्ला होतो!

कोण करतं? एक पक्षी. नाव आर्क्टिक सुरय. आपल्या उजनी धरणाच्या पाण्यावर दिसणाऱ्या नदी सुरयाचा हा भाऊबंद. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. अंडी घालतो थेट जमिनीवर, कधी गोल्फच्या मैदानालगतसुद्धा. मग कुणी पिल्लांजवळ गेलं, की हा सूऽऽर करत खाली येतो आणि डोक्यावर टोच!

वाचायचं कसं? तो नेहमी सगळ्यात उंच जागी चोच मारतो. म्हणून काठी डोक्याच्या वर धरायची. बिचारा काठीलाच टोचत बसतो!

पण त्याच्यावर रागावू नकोस हं. तो कुठून आलाय माहीत आहे? पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून, अंटार्क्टिकाहून! इथला उन्हाळा संपला, की तो तिकडे उडतो, कारण तेव्हा तिकडे उन्हाळा सुरू होतो. आठव मोसंबं, एक टोक अंधारात असताना दुसरं उजेडात! वर्षाला दोन उन्हाळे. त्याच्याइतका सूर्यप्रकाश बहुधा दुसरा कुठलाच प्राणी बघत नाही.

ग्रीनलँड आणि आइसलँडमधल्या काही सुरयांच्या पायांना शास्त्रज्ञांनी इवलीशी यंत्रं बांधली. यंत्राचं वजन दीड ग्रॅमसुद्धा नाही. वर्षभरात पक्षी किती उडाले? सरासरी 70,000 किलोमीटरच्या वर! आणि हा पक्षी तीस वर्षंही जगू शकतो. कर बरं गुणाकार. चंद्रावर जाऊन परत यायच्या जवळजवळ तीन फेऱ्या होतात!