विश्लेषण : पोकरच्या कोणत्या स्पर्धेत चार पैसे सुटतात? ११० रुपयांचा हिशेब

हंगामाआधी घेतलेल्या उचलीवर आणि सोयाबीन-कापसाच्या पैशावर ज्या बीड जिल्ह्यात हजारो घरे चालतात, तिथे ‘११० रुपयांत एन्ट्री, पहिले बक्षीस २० हजार’ असा मेसेज कुणालाही थांबवू शकतो. पोकर स्पर्धांचे प्रकार अनेक आहेत. त्यातला कोणता खरेच परवडतो?

छोटे टेबल (सिट अँड गो)
समजा नऊ खेळाडूंनी प्रत्येकी ११० रुपये भरले. त्यातले १०० बक्षिसात जातात, १० आयोजकाची फी. ९०० रुपये पहिल्या तिघांत ४५०, २७० आणि १८० असे वाटले जातात. सगळे सारख्याच ताकदीचे असतील, तर प्रत्येकाला सरासरी १०० रुपये परत मिळतात. म्हणजे दर डावाला १० रुपयांचा तोटा. फक्त बरोबरीत राहायलाही इतरांपेक्षा १० टक्के सरस खेळावे लागते.

हजार जणांची स्पर्धा
इथे बक्षीस मोठे, पण समजा १५० जणांनाच मिळते. ८५० रिकाम्या हाताने परततात. सरासरी तोटा तोच, १० रुपये. फरक चढउतारात आहे. साधारण खेळाडू सलग दहा वेळा कोरडा राहण्याची शक्यता छोट्या टेबलावर २ टक्क्यांहून कमी, इथे जवळपास २० टक्के.

बाकीचे प्रकार
- री-एन्ट्री : बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून उतरता येते. तीनदा उतरले की खर्च ३३० रुपये.
- बाउंटी : प्रतिस्पर्ध्याला बाद केले की लगेच रक्कम, त्यामुळे पहिले बक्षीस आटते.
- सॅटेलाइट : बक्षीस रोख नाही, मोठ्या स्पर्धेचे तिकीट.
- टर्बो : सक्तीची बोली झपाट्याने वाढते. कौशल्याला वाव कमी आणि तासाला फी जास्त वेळा.

जिंकणाऱ्याच्या हातात किती?
छोट्या टेबलावर २० टक्के नफा काढणारा तरबेज खेळाडू घेऊ. ११० रुपयांमागे २२ रुपये. ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर एप्रिल २०२३ पासून ३० टक्के कर आहे. उरले १५ रुपये ४० पैसे. एका टेबलाला तास धरला, तर आठ तासांचे सव्वाशे रुपयेही होत नाहीत. २०२५-२६ मध्ये राज्यात रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. यात जीएसटी धरलेलाच नाही. भरलेल्या रकमेवर तो ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला.

प्रकार कोणताही असो, खात्रीने कमावतो तो आयोजकच : नऊ जणांच्या टेबलामागे ९०, हजार जणांच्या स्पर्धेत १० हजार.

कायदा काय सांगतो?
संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद तिथे गैरलागू आहे. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंमध्ये पोकर चालतो, पण बीडहून पणजीला जाण्या-येण्याचा खर्च हिशेबात वेगळा धरावा लागेल.

आज मोबाइलवर येणारी अशी लिंक बहुधा परदेशी, बेकायदा ॲपची असते. तिथे जिंकलेले पैसे अडकले तर दाद मागणे जवळपास अशक्य. फसवणूक झाल्यास १९३० वर तातडीने कळवावे. खेळ सुटत नसेल, तर टेलि-मानस १४४१६ वर मोफत समुपदेशन मिळते.