तीनशे किलोमीटरवरची नाडीपरीक्षा

घरातला नळ बिघडला की आपण नळवाल्याला बोलावतो. तो येतो, पान्याने दोन आटे सोडवतो, आतला झिजलेला वायसर आपल्या हातावर ठेवतो आणि पैसे घेऊन चालू लागतो. रोग डोळ्यांना दिसला म्हणजे उपचार सोपा. पण जो नळ जमिनीपासून दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती धावतो आहे, तो तुंबला तर कोणाला बोलवायचे?

हा प्रश्न १ मार्च २०१३ रोजी खरोखरच उभा राहिला. त्या दिवशी अमेरिकेतील केप कॅनाव्हरल येथून स्पेसएक्स कंपनीचे ‘ड्रॅगन’ हे मालवाहू यान आकाशात गेले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेनऊ होत आले होते. यानात माणूस नव्हता. होते ते आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातील सहा रहिवाशांसाठी नेलेले साडेपाचशे किलोहून अधिक सामान. अग्निबाणाने आपले काम चोख बजावले, यान सुटे झाले आणि तेथेच घोडे अडले. यानाची दिशा नि वेग बदलणाऱ्या लहान इंजिनांना थ्रस्टर म्हणतात. ड्रॅगनवर असे अठरा थ्रस्टर चार गटांत बसवले होते. त्या चारांपैकी तीन गट जागेच होईनात!

संकट साधे नव्हते. थ्रस्टर नाहीत म्हणजे गाडीला सुकाणू नाही. यान हेलकावे खात फिरू लागले, त्याचा अँटेना भलतीकडे वळू लागला आणि जमिनीवरून त्याच्याशी बोलणेही कठीण होऊन बसले. बरे, अशा लंगड्या यानाला स्थानकाजवळ बोलवावे, तर धडक बसण्याचे भय. चारांपैकी निदान तीन गट धड असल्यावाचून त्याला जवळ येऊ द्यायचे नाही, असा नियमच होता. आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. किराणा घेऊन येणाऱ्या गाडीने घराची भिंत पाडावी, हे कोणाला परवडेल?

आता हे थ्रस्टर चालतात कसे, ते थोडक्यात पाहू. एका टाकीत इंधन, दुसऱ्या टाकीत त्याला जाळणारे रसायन. दोघांची नुसती गाठ पडली की आग पेटते, काडी ओढावी लागत नाही. परंतु अंतराळात टाकीतले द्रव आपल्या भाराने खाली उतरत नाही. त्याला मागून रेटावे लागते, आणि ते काम हेलियम वायू करतो. हेलियमच्या वाटेवर एक झडप असते. ती वायूला पुढे जाऊ देते, मागे फिरू देत नाही.

आमच्या वाशिम जिल्ह्यातील विहिरीवर मोटर बसवलेल्या शेतकऱ्याला ही झडप समजावून सांगावी लागणार नाही. त्याच्या पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो, त्याची जात हीच. तो चिकटून बसला की मोटर कितीही घुमो, पाणी वर चढत नाही. शेतकरी पाइप वर ओढतो आणि झडप मोकळी करतो. कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न येथे बसलेल्या अभियंत्यांना मात्र ओढायला पाइप नव्हता. त्यांच्यापुढे होते फक्त यानाने पाठवलेले आकडे : कुठे दाब किती, कुठे उष्णता किती.

त्या आकड्यांत एक गोष्ट ठळक होती. आजारी असलेल्या तिन्ही गटांत जाळणाऱ्या रसायनाच्या टाकीचा दाब कमी होता. मी मराठीचा मास्तर. मला येथे जुन्या पोथ्यांची आठवण होते. एकाच ग्रंथाच्या चार पोथ्या मिळाल्या आणि तिघींत तीच चूक आढळली, तर तिन्ही लेखकांना एकाच ओळीवर डुलकी लागली असे कोणी म्हणत नाही. तिघींचे मूळ एक, असे आपण समजतो. यंत्राचेही तसेच. तिघांना एकच लक्षण, म्हणजे कारणही बहुधा एकच. संशय हेलियमच्या वाटेवर आला आणि तेथून त्या झडपांवर.

मग उपाय ठरला. झडपांच्या अलीकडे हेलियमचा दाब वाढवायचा आणि तो एकदम सोडायचा; म्हणजे वायूचाच हातोडा करायचा! त्यासाठी नव्या आज्ञा तिथल्या तिथे लिहिल्या गेल्या. त्या डुलणाऱ्या यानापर्यंत पोचाव्यात म्हणून अमेरिकन हवाई दलाच्या अधिक शक्तिमान अँटेनांची मदत घ्यावी लागली. हादरे बसले, झडपा सुटल्या, आणि काही तासांत चारही गट कामाला लागले. ३ मार्चला, ठरल्यापेक्षा अवघा एक दिवस उशिरा, स्थानकाच्या यांत्रिक हाताने ड्रॅगनला धरले. पुढे उलगडा झाला तो असा, की झडपा पुरवणाऱ्याने त्यांच्या रचनेत एक बारीकसा बदल केला होता.

त्याच वर्षी आपल्या घरीही असा प्रसंग आला. ५ नोव्हेंबर २०१३, भाऊबीजेचा दिवस. आपले मंगळयान श्रीहरिकोट्याहून निघाले. ते मालवाहू नव्हते, पण दुखणे त्याच घराण्यातले. ११ तारखेला त्याच्या कक्षेचे दूरचे टोक ७१,६२३ किलोमीटरवरून एक लाखावर न्यायचे होते. ते ७८,२७६ वरच थांबले. इंधनाच्या झडपेला दोन विद्युत वेटोळी होती, एक मुख्य नि एक राखीव. वेगवेगळी वापरली तेव्हा दोन्ही चालली. दोघांना एकाच वेळी वीज देताच प्रवाह बंद! दोघांनी मिळून दार उघडायला जावे आणि दार लागूनच जावे, तशी गत. परंतु येथे निदानाला वेळ लागला नाही, कारण एकेक जोडणी क्रमाने तपासणे चालूच होते. शेवटी काय बदलले हे ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा इंजिन चालवले आणि टोक १,१८,६४२ किलोमीटरवर गेले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी यान मंगळाच्या कक्षेत शिरले.

दोन्ही कथांत मला दोनच प्रश्न दिसतात. आजारी आहेत त्या सर्वांत सारखे काय आहे? आणि शेवटी काय बदलले होते? ड्रॅगनला दणकाच दिला, हे खरे. पण कुठे द्यायचा ते आधी कळले होते, म्हणून तो उपचार ठरला. एरवी तोच दणका यानाच्या जिवावर बेतता.

वाशिमच्या आकाशातूनही ते अंतराळस्थानक कधी संध्याकाळी, कधी पहाटे, ठळक चांदणीसारखे सरकत जाते. दुर्बीण लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना गच्चीवर नेऊन अवश्य दाखवा. आणि ऐन फराळाच्या धांदलीत मिक्सर बंद पडला, तर त्याला चार थपडा मारण्यापूर्वी हे दोन प्रश्न विचारून पाहा. थपडेचा मुहूर्त काही टळत नाही.