जमिनीत अडकलेला स्फुरद

शहरात राहणाऱ्या आपणांस खताशी काय कर्तव्य, असे येथील काही मंडळींना वाटेल. पण ज्वारीच्या भावात खताचा पैसा असतो, आणि त्या खतातला पुष्कळसा स्फुरद पिकाला मिळतच नाही, एवढे सांगितले म्हणजे हा प्रश्न आपल्या ताटापर्यंत येतो.

तो वाहून जातो म्हणून नव्हे. नत्र पाण्याबरोबर खाली उतरते. स्फुरद मातीला धरून बसतो. सुपरफॉस्फेट ओल्या मातीत पडले की त्यातला विरघळणारा स्फुरद कोकणच्या जांभ्या मातीत लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी जखडला जातो, देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत चुन्याशी. पहिल्या पिकाच्या वाट्याला साधारणपणे १० ते २५ टक्केच येतो. उरलेल्यातला काही पुढच्या पिकांना सावकाश मिळतो, बाकीचा अडकून राहतो. आम्हां कामगारांना हा हिशेब चटकन कळतो : रक्कम तिजोरीत आहे, हातात नाही.

तेव्हा आणखी चार पोती ओतणे हा उपाय नव्हे. खत शेतभर फोकले तर त्याला जखडणारी माती चहूकडे तयारच असते. तेच दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याशेजारी, थोडे खाली, ओळीत पेरले तर त्याचा मातीशी संबंध कमी येतो. शिवाय स्फुरद जागचा फारसा हलत नाही. मुळालाच त्याच्याकडे जावे लागते. शेणखताची जोड दिली तर कुजताना सुटणारी आम्ले मातीतल्या जखडणाऱ्या जागा आधीच अडवतात. आम्ल जमिनीत बेताचा चुना उपयोगी पडतो. चुनखडीच्या जमिनीत तो घालणे शुद्ध वेडेपणा. जिवाणूखतांचा बोलबाला मोठा, पण त्यांचा गुण जमिनीपरत्वे बदलतो.

मला सर्वांत नवल वाटते ते तुरीचे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत नोरिहारु ए या जपानी शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह केलेले काम १९९० साली ‘सायन्स’ नियतकालिकात आले. लोहाशी जखडलेला जो स्फुरद ज्वारीला नीट घेता येईना, तो तुरीने घेतला. तिच्या मुळांतून पिसिडिक आम्ल पाझरते. ते लोहाला पकडते आणि स्फुरद मोकळा होतो. ज्वारीत तुरीचे तास सोडण्याची आपली चाल जुनीच. तुरीचा पाला गळतो, मुळे तेथेच कुजतात, आणि त्यांतला स्फुरद पुढच्या पिकाला लाभतो. काळ्या चुनखडीच्या जमिनीत मात्र गाठ चुन्याशी. तेथे हरभऱ्याच्या मुळांतले सायट्रिक आम्ल ती पकड सैल करते.