गुराख्यांच्या हाती लागलेला इतिहास

१८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावाजवळ दोन पोरं गुरं चारत होती. जमिनीतून लोखंडासारखं काहीतरी वर आलेलं दिसलं म्हणून त्यांनी ते ओढलं आणि ते निघालं. मग हातांनीच माती उकरली, तर खाली आणखी तसंच. पुढे नीट खणल्यावर तिथून तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. तांब्याचं वजन भरलं ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या एखाद्या शाळेत ही गोष्ट सांगताना नुसता किलोचा आकडा फळ्यावर लिहून भागत नाही. चाळीस किलोचा धानाचा कट्टा धरावा. नऊ कट्टे भरून वर जवळजवळ अर्धा! मग पोरं आपणच विचारू लागतात. एवढं तांबं आणलं कुणी? कशावर घालून आणलं? आणि आणलं ते पुरलं कशाला?

शेवटच्या प्रश्नावर तर्क बरेच झाले आहेत. कुणी म्हणतं व्यापाऱ्याचा माल, कुणी म्हणतं देवाला वाहिलेलं. ठाम उत्तर कुणापाशी नाही. चपट्या कुऱ्हाडी, लांब पहारीसारखी हत्यारं, चांदीच्या गोल चकत्या आणि शिंगं खाली वळलेल्या बैलाच्या तोंडाचे पत्रे असा तो ऐवज. काळ इसवी सनापूर्वीचं दुसरं सहस्रक मानतात. त्यातलं बरंचसं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेलं, काही नागपूरच्या संग्रहालयात राहिलं. वैनगंगा ओलांडली की बालाघाट जिल्हा लागतो, म्हणजे हे सगळं आपल्या शेजारच्या अंगणात घडलेलं. तरीही तिरोडा तालुक्यातल्या किती मुलांनी गुंगेरियाचं नाव ऐकलं असेल?

आमच्याकडे इतिहास नेहमी दुसरीकडे घडतो. चौथीत शिवछत्रपतींचं पुस्तक येतं, ते यायलाच हवं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पुण्या-साताऱ्याचं पोर दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतं आणि सुटीत खराखुरा किल्ला चढतं. आमच्या झाडीपट्टीतल्या पोराची दिवाळी वेगळी. त्याला गायगोधन माहीत, मंडईची जत्रा माहीत, रात्रभर चाललेलं दंडारीचं लोकनाट्य माहीत. त्याच्या लेखी इतिहास म्हणजे सह्याद्रीत घडलेलं काहीतरी, परीक्षेत पाच गुणांचं. शेजारच्या तुमसर तालुक्यात अंबागडचा किल्ला आहे, गोंड राजा बख्त बुलंदच्या काळाशी जोडलेला. सहल मात्र बहुधा वॉटर पार्कला जाते.

इतिहास मुलांच्या हातात द्यायचा तर उत्खननाची वाट पाहायला नको. घरातली पत्र्याची पेटी उघडली तरी पुरे. माझ्या मते सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. तो पिवळा पडलेला असतो, घडीवर फाटलेला असतो आणि त्यावर लिहिलेला पत्ता मुलांना बुचकळ्यात टाकतो. १९४० च्या सुमारास जन्मलेला तिरोड्याचा माणूस घ्या. जन्माला आला तेव्हा हा भाग इंग्रजांच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. शाळेत जायच्या वयात त्याच मुलखाचं नाव मध्य प्रदेश झालं आणि राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जिल्हा भंडारा होता तो भंडाराच राहिला. मग १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तोही बदलला. माणूस गाव सोडून कुठे गेला नाही, घराची भिंतही तीच, आणि या एका आयुष्यावरून चार राजवटींची नावं आणि दोन जिल्हे सरकून गेले. राज्य पुनर्रचनेचा धडा याहून सोपा करून कुणाला सांगता येईल असं मला वाटत नाही. शिवाय सांगणारा समोर खाटेवर बसलेला असतो. त्याला विचारता येतं की आजोबा, महाराष्ट्र झाला त्या दिवशी तुम्ही काय करत होता? उत्तर कदाचित ‘उन्हाळी काम करत होतो, मला काय ठाऊक’ असंही येईल. तेही इतिहासाचंच उत्तर आहे. राजधानीत जल्लोष होतो तेव्हा खेड्यात लोक आपापल्या कामात असतात, हे मुलांना पुस्तकातून कळत नाही.

त्याच पेटीच्या तळाशी भोकाचा पैसा सापडतो. १९४३ ते १९४७ या वर्षांतला. मधलं भोक बघून मुलं तो दोऱ्यात ओवतात, गळ्यात घालतात, घालू द्यावा. मग सांगावं की दुसरं महायुद्ध चालू होतं, धातू बंदुकीच्या गोळ्यांना हवा होता, म्हणून नाण्यातून मधला तुकडा वाचवला. हिटलरचं युद्ध तिरोड्याच्या बाजारात कसं पोचलं, ते त्या भोकातून दिसतं. त्यानंतर हिशोब घालावा. बारा पैंचा एक आणा, सोळा आण्यांचा रुपया, रुपयाचे चौसष्ट पैसे. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे बरोबर बसतात, पण एका आण्याचे? सव्वासहा. दुकानदार तो पाव पैसा कुणाच्या खिशात टाकत असेल, यावर वर्गात चांगलं भांडण लागतं.

इथे एक सूचना करायलाच हवी. जुनं नाणं चिंचेने, राखेने किंवा लिंबाने घासू नये. चकाकी येते, पण त्यावरची अक्षरं झिजतात आणि अभ्यासाच्या दृष्टीने नाण्याची निम्मी किंमत तिथेच जाते.

पायलीची गंमत वेगळी. धान मोजायची पायली अजून बऱ्याच घरांत असते, कुठे पितळी, कुठे लाकडी. दोन घरांतल्या पायल्या आणायच्या, दोन्हींत धान भरायचं आणि वजनकाट्यावर ठेवायचं. आकडे जुळले तर प्रश्न नाही. जुळले नाहीत, तर मोठी पायली घेण्याची होती की देण्याची, हा प्रश्न सावकारी आणि गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारीपर्यंत नेतो. गोंदिया भागात बिडीचा धंदाही मोठा होता. तेंदूपत्ता कापायचा पत्र्याचा फर्मा आणि कैची आजीच्या ताब्यात मिळते. हजार बिड्यांमागे मजुरी, त्यातल्या काही नापास करून बाजूला काढायच्या, त्यांचे पैसे द्यायचे नाहीत. आजी हे सांगताना अजून चिडते. त्या चिडण्यात कामगारांचा इतिहास आहे. ती बोलत असताना तिला मध्ये थांबवू नये, तारखा नंतर विचाराव्यात.

रेल्वे स्टेशनजवळ जुन्या रुळांचे तुकडे कुंपणाला किंवा खांबाला वापरलेले दिसतात. रुळाच्या बाजूला उठावाची अक्षरं असतात: कारखान्याचं नाव आणि बहुधा साल. अक्षरं गंजलेली असतील तर कागद ठेवून वर पेन्सिल घासली की ती उमटतात. (हे फक्त कुंपणाच्या खांबावर, पटरीच्या आसपास मुलांना फिरकू देऊ नये.) नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी मीटरगेज गाडी १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत पोचली. पाच वर्षांनी ती बंगाल नागपूर रेल्वेच्या ताब्यात गेली, मग ब्रॉडगेज झाली. मुंबई-हावडा मार्गावरच्या ज्या गाड्या आज तिरोड्यातून धाडधाड जातात, त्यांचा रस्ता तेव्हाचा.

आता गोष्टींविषयी, कारण खरी अडचण तिथे आहे. वस्तू खोटं बोलत नाही असं म्हणतात. पण ती स्वतःहून बोलतही नाही. तिला बोलतं करायला गोष्ट लागते, आणि गोष्ट सांगणारा रंग भरतोच. आमच्या भागातले मामा तलाव घ्या. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सुमारे सात हजार तलाव. ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. गोंड राजाने कोहळ्यांना काशीहून आणलं आणि जो तलाव बांधेल त्याला जमीन दिली, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचं नाव जोडलेलं आहे. यातलं काशीहून येणं कथा म्हणून सांगावं. तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे, ही जुन्या लेखनातही येणारी परंपरा आहे, असं म्हणावं. आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव पुढे सरकारकडे आले, ही नोंद आहे, हे तिसरं. तीन वाक्यांना तीन वेगळे सूर. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक कळतो. कळत नाही असं मोठ्यांनाच वाटतं. त्यानंतर मुलांना तलावाच्या पाळीवर न्यावं. पाणी सोडायचं तुडुम कुठे आहे, सांडवा कुठे, पाट कोणत्या बांधीपासून सुरू होतो, हे त्यांनी स्वतः काढून पाहावं. नकाशा वाकडातिकडा आला तर वाकडातिकडा.

सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. गुहेत कोंडलेल्या कली कंकालीच्या तेहतीस मुलांना पारी कुपार लिंगोने सोडवलं, ही कथा तिथे त्या गुहेसमोरच सांगितली-गायली जाते. कथा आणि जागा एकमेकींपासून तोडायच्या नाहीत, हे या यात्रेला कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाच्या आधी कळलेलं आहे. तिथे पुरावा मागत बसणं उद्धटपणाचं होईल. समाज स्वतःचा भूतकाळ कसा जपतो, हे पाहण्यासारखं आहे.

तिरोड्याहून गाडीने शंभरेक किलोमीटरवर नागपूर, आणि तिथला ‘अजब बंगला’. हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चं. त्याच वर्षी नागपूरचा एक माणूस ओढ्यात वाहून गेला. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटिश मिशनरी. दगड, जीवाश्म, गोंडांची गाणी, जे मिळेल ते टिपणारा. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून सप्टेंबरात घोड्यावरून एकटा परतत असताना ओढ्याला पूर आला आणि तो बुडाला. मुलं ही गोष्ट विसरत नाहीत, कारण ओढ्याचा पूर त्यांनी पाहिलेला असतो. पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघरच्या दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपं अशा वस्तू जमवून लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये ते शासनाला दिलं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये संग्रहालय घालून ते शाळांच्या दारात न्यायला सुरुवात केली आणि २०१९ मध्ये मुलांसाठी वेगळं दालन उघडलं. ही बस गोंदियापर्यंत येईल तेव्हा येईल.

एक गोष्ट मात्र मुलांना पहिल्याच दिवशी सांगावी: खणायचं नाही. नांगराला, विहिरीच्या कामात किंवा पावसाने माती वाहून गेल्यावर काही वर आलं, तर ते कुठे आलं, कोणत्या बाजूला, किती खोल, हे आधी वहीत उतरवायचं, चित्र काढायचं आणि मोठ्यांना बोलवायचं. जागा सुटली की वस्तूचं निम्मं बोलणं संपतं. गुंगेरियाच्या आठ वर्षांनंतर, १८७८ मध्ये, सापडलेल्या ठेव्यांविषयी कायदा झाला. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवायचं. मालक न सापडल्यास तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक जमीनमालकाला. सरकारला तो ठेवून घ्यायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूंना लागू होतो. मुलांना ठेव्याच्या वाटणीचं कलम पाठ होतं, कारण वाटा किती मिळणार यात त्यांना रस असतो. असू द्यावा.

घरोघरच्या या वस्तू गावापुढे मांडायला मंडईचा दिवस उत्तम. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, सोयरिकी बोलल्या जातात, संध्याकाळनंतर सगळं गाव एका जागी असतं. शाळेने दंडारीच्या मंडपाशेजारी दोन टेबलं लावावीत. वर घराघरांतून आणलेल्या वस्तू, प्रत्येकीखाली मुलाच्या हस्ताक्षरात चिठ्ठी: काय आहे, कुणाचं, कधीचं, कुणी सांगितलं. म्हातारी माणसं थांबतील आणि म्हणतील, ‘अरे, हे असं नव्हतं.’ जुनी चिठ्ठी फाडायची नाही. त्यांचं म्हणणं त्यांच्या नावासकट खाली दुसऱ्या शाईने लिहायचं. कोण बरोबर, ते पुढच्या आठवड्यात वर्गात ठरेल. नाही ठरलं तर दोन्ही चिठ्ठ्या पेटीत ठेवून पुढच्या वर्षीच्या मंडईत पुन्हा मांडायच्या.