लाकूड घासण्याचे यंत्र बदलताना...

बिलोली : दाराची किंवा पलंगाची चमक पॉलिशच्या डब्यातून येते, असा ग्राहकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती पॉलिशपूर्वीच्या घासणीवर अवलंबून असते. घासताना राहिलेला ओरखडा पॉलिशचा पहिला हात बसताच ठळकपणे उठून दिसतो. पूर्वी लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हे काम हातानेच केले जाई. आता ते बऱ्याच अंशी 'रँडम ऑर्बिट सँडर' या छोट्या विद्युत यंत्राकडे गेले आहे. काही वर्षांच्या वापरानंतर हे यंत्र थकते आणि नवे घेण्याची वेळ येते. अशा वेळी दुकानात चर्चा होते ती प्रामुख्याने वॅटची आणि किमतीची. निर्णय मात्र अन्य तीन बाबींवर व्हायला हवा : सुटे भाग कोठे मिळतात, यंत्राची चाल आपल्या कामाला मानवते का आणि उडणारी धूळ कोठे जाते.

नांदेड जिल्ह्याच्या एका टोकाला किनवट-माहूरचे सागवानी जंगल, तर दुसऱ्या टोकाला तेलंगणच्या सीमेलगत बिलोली तालुका आहे. अशा तालुक्याच्या गावी यंत्र बंद पडले, तर दुरुस्तीसाठी नांदेड किंवा सीमेपलीकडचे निजामाबाद गाठावे लागते. मजुरीवर काम करणाऱ्या कारागिराचा त्यात पूर्ण दिवस बुडतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या ग्राहकापेक्षा येथील सुताराला यंत्राची निवड अधिक विचारपूर्वक करावी लागते.

यंत्राची चाल

या यंत्राची गोल तबकडी एकाच वेळी दोन प्रकारे हलते. ती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी केंद्रापासून किंचित सरकलेल्या लहान वर्तुळातही घुमते. त्यामुळे कागदावरचा एकच कण लाकडावर पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जात नाही आणि ओरखड्यांची ठरावीक नक्षी उमटत नाही. चौकोनी कागद लावण्याचा साधा फिनिशिंग सँडर केवळ थरथरतो, त्याची तबकडी फिरत नाही. तो कोपऱ्यांत उपयोगी पडतो, पण त्याचे काम संथ असते. अनेक ठिकाणी अँगल ग्राइंडरला घासण्याची चकती लावून लाकूड घासले जाते. ग्राइंडरचा वेग मोठा असल्याने लाकडात अर्धगोल खड्डे पडतात आणि चकती उसळून इजा होण्याचाही धोका असतो.

गोल तबकडी चौकटीच्या कोपऱ्यांत किंवा कोरीव नक्षीत पोहोचत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. नवा सँडर आला म्हणून जुना फिनिशिंग सँडर मोडीत काढण्याची घाई करू नये.

आधी दुरुस्ती, मग खरेदी

यंत्र खरोखर संपले आहे काय, हे प्रथम तपासावे. कागद वारंवार निसटत असेल, तर तबकडीवरचे वेल्क्रो झिजलेले असते. नवी तबकडी स्क्रू काढून सहज बसवता येते. यंत्र उचलताच तबकडी भन्नाट वेगाने फिरू लागत असेल, तर तिच्यालगतची रबरी ब्रेक-कडी झिजलेली असते. असे यंत्र लाकडाला टेकवताच गोल खड्डा पडतो. ही कडीही बदलता येते. यंत्र अडखळत चालत असेल, तर कार्बन ब्रश पाहावेत. खरखर वाढली असेल, तर बेअरिंगमध्ये धूळ शिरलेली असण्याची शक्यता असते. आर्मेचर जळले असेल, तर मात्र दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावा.

यातच नव्या खरेदीचा पहिला निकष सापडतो. कार्बन ब्रश, तबकडी आणि ब्रेक-कडी हे झिजणारे भाग आहेत. ते जवळच्या शहरात मिळत नसतील, तर स्वस्तातले यंत्रही अखेर महागच पडते. खरेदीपूर्वी दुकानदाराला त्या मॉडेलचे हे तीन भाग दाखवायला सांगावे.

कोणते आकडे पाहावेत

तबकडी सहसा १२५ किंवा १५० मिलिमीटरची असते. दारे, खिडक्या आणि घरगुती फर्निचरसाठी १२५ मिलिमीटरची पुरेशी ठरते. मोठी टेबले किंवा सलग फळ्या नेहमी घासायच्या असतील, तरच १५०चा विचार करावा. जुन्या यंत्राचे कागद शिल्लक असतील, तर व्यास आणि धूळ ओढणाऱ्या भोकांची रचना जुळते काय, हे पाहावे. भोके जुळली नाहीत, तर धूळ आत ओढली जात नाही आणि कागद लवकर भरतो.

दुसरा आकडा फेऱ्याच्या वर्तुळाचा. अडीच ते तीन मिलिमीटरचा फेरा पॉलिशपूर्व बारीक घासणीसाठी योग्य असतो, तर पाच मिलिमीटरचा फेरा लाकूड लवकर काढतो. माहितीपत्रकात काही ठिकाणी वर्तुळाचा व्यास, तर काही ठिकाणी त्रिज्या दिलेली असते. तुलना करताना हा फरक तपासावा. वेग कमी-जास्त करण्याची सोय असलेले यंत्र घेणे हिताचे. पातळ व्हिनियर किंवा जुना रंग घासताना वेग उतरवावा लागतो, अन्यथा व्हिनियर फाटते आणि रंग वितळून कागदाला चिकटतो.

वॅटचा क्रम यानंतरचा. १२५ मिलिमीटरची बहुतेक यंत्रे २५० ते ३०० वॅटची असतात आणि सुतारकामाला ती पुरतात. २५० वॅटचे यंत्र पूर्ण भाराने सलग चार तास चालले, तरी विजेचे एकच युनिट खर्च होते.

विजेची बाजू

ग्रामीण भागात व्होल्टेज उतरते तेव्हा मोटार मंदावते, तिला थंड ठेवणारा पंखाही मंदावतो आणि कारागीर यंत्रावर अधिक दाब देतो. मोटार जळण्याचे हे एक कारण आहे. लांबलचक, बारीक एक्स्टेन्शन वायरनेही व्होल्टेज घटते. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेले १२० व्होल्टचे यंत्र तर आपल्या २३० व्होल्टच्या जोडणीवर थेट लावूच नये. अॅडाप्टर केवळ प्लगचा आकार बदलतो, व्होल्टेज नव्हे.

बॅटरीवरचा सँडर हा एक पर्याय आहे. परंतु घासणी हे सलग चालणारे काम आहे. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा मावते. २५० वॅटच्या भाराला ती जेमतेम वीस-बावीस मिनिटे पुरेल. ब्रशविरहित मोटारी कमी ऊर्जेत काम करत असल्या, तरी दिवसभराच्या कामाला दोन-तीन बॅटऱ्या लागतात, हे गृहीत धरावे.

धुळीचा हिशेब

सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत महत्त्वाचा निकष धुळीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. सागाच्या धुळीने अनेकांना त्वचेची ॲलर्जीही होते. प्लायवूड आणि एमडीएफच्या धुळीबरोबर त्यांतील रेझिनचे कणही श्वासात जातात.

रंध्याच्या ढलप्या जमिनीवर पडतात. सँडरची बारीक धूळ हवेत तरंगत राहते. यंत्रासोबतची छोटी पेटी वा पिशवी ती पूर्णपणे अडवू शकत नाही. म्हणून व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडता येईल असेच यंत्र निवडावे. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क वापरावा. शहरात राहत्या फ्लॅटमध्ये फर्निचर करून घेणाऱ्या कुटुंबांनीही कंत्राटदाराकडे याची विचारणा करावी. घरात काम चालू असताना ही धूळ लहान मुले आणि वृद्धांच्याही श्वासात जाते.

सरकारी मदत

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश करण्यात आला. त्यांत सुतारकामही आहे. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पुढे पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाखापर्यंत, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. हे सहाय्य मिळालेल्या कारागिराने सारी रक्कम अधिक शक्तीच्या यंत्रावर न घालवता काही भाग मास्क, चांगले कागद आणि व्हॅक्यूमसाठी राखून ठेवावा. पक्के बिल घ्यावे. वॉरंटीचा दावा करताना ते उपयोगी पडते.

यंत्र कितीही उत्तम असले, तरी हात घाईचा असेल तर काम बिघडते. ८०, १२०, १८०, २२० या क्रमाने कागद बदलावेत, मधला टप्पा गाळू नये. यंत्र आपल्याच वजनाने चालू द्यावे, वरून दाब देऊ नये. शेवटचा हात लाकडाच्या रेषेच्या दिशेने हातानेच फिरवावा. सागातील सिलिका कागदाची धार लवकर बोथट करते. त्यामुळे कागद वेळीच बदलणे हीच खरी काटकसर होय.