फ्लोरीन कोणाचा हात धरतो?

खिडकीची काच वाळूपासून, म्हणजे सिलिकापासून बनते आणि पावसाला पिढ्यान्‌पिढ्या पुरून उरते. फॉस्फेटची काच मात्र पाण्यात विरघळू शकते. खिडकीसाठी हा दोष; शरीरात ठेवायच्या काचेसाठी तोच गुण. हाडाच्या पोकळीत ती भरावी, नवे हाड वाढत जावे आणि काच हळूहळू विरून जावी, अशी ही कल्पना. घटकांचे प्रमाण बदलून विरघळण्याचा वेगही कमीजास्त करता येतो.

अशा काचेत फ्लोराइड घालावे, असे वाटते ते दातांसाठी. दाताच्या इनॅमलमधले खनिज फ्लोराइड सामावून घेते, तेव्हा ते आम्लाला सहज बळी पडत नाही. कीड लागण्याचा धोका घटतो. पण फ्लोराइडने काचच बिघडली तर?

उत्तर काचेच्या घडणीत आहे. सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि ते चारही शेजारच्या सिलिकॉनला जोडू शकतात. फॉस्फरसभोवतीही चारच, पण त्यातला एक दुहेरी बंधाने फॉस्फरसपाशीच अडकलेला. पुढे जोडायला उरतात फार तर तीन. त्यात सोडियम-कॅल्शियम मिसळले की आणखी जोड सुटतात आणि जाळ्याच्या साखळ्या होतात. ऑक्सिजनला जणू दोन हात, म्हणून तो पूल होतो. फ्लोरीनला एकच. तो फॉस्फरसला लागला की त्या बाजूची साखळी संपली.

यावरून फ्लोरीन साखळ्यांची वाताहत करील, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. ते पुरते खरे नव्हते.

१९६९मध्ये लॅरी हेंच यांनी हाडाशी जुळणारी सिलिकेट काच घडवली. त्या कुळातल्या काचेत फ्लोरीन सिलिकॉनकडे फिरकत नाही. सोडियम-कॅल्शियमभोवती गोळा होतो. आतल्या आत वेगळे कोपरे पडतात आणि काचेची जैविक क्रियाशीलता घटते. फॉस्फेट काचेचे काय होते, ते २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अणूंच्या हालचालींचे संगणकीय गणित मांडून तपासले. इथे बराचसा फ्लोरीन थेट फॉस्फरसलाच बांधला जातो. त्यामुळे तो काचभर सारखा पसरतो. जोड तुटतात, पण थोडेच. फॉस्फेटचे प्रमाण वाढवून ती तूट भरून काढता येते.

म्हणजे ज्या बंधाला मी दोष देत होतो, त्यानेच काच एकजिनसी राखली. अर्थात हे गणित आहे, दातावरचा प्रयोग नव्हे. पण कोणती काच आधी प्रयोगाला घ्यावी, एवढे ते नक्की सांगते.