आमदारांचा वार्षिक जमाखर्च

वर्ष सरले की आमदारांचे कार्य-अहवाल मतदारांच्या हाती पडतात. त्यांत रस्ते, समाजमंदिरे, विंधन विहिरी यांची जंत्री असते. सभागृहात किती प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकास दुरुस्ती सुचविली, याविषयी बहुधा चकार शब्द नसतो. मतदारांची गाऱ्हाणी दूर करणे हे लोकप्रतिनिधीचे कर्तव्यच होय. पण शिफारसपत्राने एकाचे काम होते, कायद्याने सर्वांचे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप आले आणि ग्रामीण मजुराला काम हक्काने मागता येऊ लागले. म्हणूनच ‘किती शिफारसपत्रे दिली?’ एवढ्यावर न थांबता, ‘शिफारशीची गरज किती कमी केली?’ हेही सुज्ञ मतदारांनी विचारले पाहिजे.